सांकेतिक भाषा दुभाषी शिक्षण

बहिऱ्या आणि ऐकणाऱ्या व्यक्तींमधला संवाद दोन्ही बाजूंना पोहोचवणारे दुभाषी घडवणारा महाविद्यालयीन अभ्यासक्रम. पदविकेपासून पदव्युत्तर स्तरापर्यंत तो शिकवला जातो. सांकेतिक भाषेतल्या खुणा पाठ झाल्या की दुभाषी झालो, अशी समजूत घेऊन अनेक जण येतात. ती पहिल्या वर्षातच मोडते.

हे शिक्षण उशिरा सुरू होण्याचे कारण भाषेच्या अवहेलनेत आहे. बहिऱ्यांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेने बहिऱ्यांच्या शाळांत तोंडी बोलण्याचा आग्रह धरला आणि खुणांना वर्गाबाहेर काढले. जी भाषाच मानली जात नाही तिचे दुभाषी कोण शिकवणार? अमेरिकेतील बहिऱ्यांसाठीच्या गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये खुणांची भाषिक रचना उलगडून दाखवली, तेव्हा हा दृष्टिकोन बदलू लागला. तोवर हे काम बहिऱ्या आईवडिलांची ऐकणारी मुले, शिक्षक आणि धर्मोपदेशक करत. कोणाला बोलवायचे हे बहिरे लोक विश्वासावर ठरवत. १९६४ मध्ये अमेरिकेतील बॉल स्टेट टीचर्स कॉलेजातल्या कार्यशाळेत दुभाष्यांची संघटना स्थापन झाली. तीच आजची ‘रजिस्ट्री ऑफ इंटरप्रिटर्स फॉर द डेफ’. तिच्या प्रमाणपत्रासाठी ऐकणाऱ्या उमेदवारांना २०१२ पासून पदवी किंवा समकक्ष पात्रता लागते.

जगभर एकच सांकेतिक भाषा नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी लोक इंग्रजी बोलत असले तरी त्यांच्या सांकेतिक भाषा परस्परांना कळत नाहीत. ब्रिटिश बोटलिपीला, म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखवण्याच्या पद्धतीला, दोन हात लागतात, अमेरिकी बोटलिपी एका हाताची. अमेरिकी भाषेचे नाते उलट फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, कारण १८१७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डला सुरू झालेल्या बहिऱ्यांच्या शाळेत लोरां क्लेर हे बहिरे फ्रेंच शिक्षक शिकवत होते. म्हणून विद्यार्थ्याला आधी एक विशिष्ट भाषा नीट यावी लागते. त्या भाषेचे व्याकरण हातांपुरते नसते. अमेरिकी सांकेतिक भाषेत ‘हो की नाही’ विचारताना भुवया वर जातात, ‘कोण’, ‘कुठे’ विचारताना सहसा आकसतात. समोरच्या जागेत एखाद्या व्यक्तीला एक ठिकाण दिले की पुढे नुसते तिकडे बोट केले तरी सर्वनाम होते. नवखे विद्यार्थी हात उत्तम चालवतात आणि चेहरा कोरा ठेवतात. बहिऱ्या माणसाला ते सपाट, अर्धवट वाक्य दिसते.

दुभाषीपणाचा सराव दोन प्रकारे होतो: वक्ता थांबल्यावर, आणि तो बोलत असतानाच. हात आणि आवाज एकमेकांवर आदळत नसल्याने प्रत्यक्षात दुसरी पद्धत जास्त चालते. तिच्यात वक्त्याच्या किंचित मागे राहायला शिकावे लागते. शब्दाला चिकटले तर अर्थ निसटतो, फार मागे पडले तर स्मरणशक्ती. थकव्याने चुका वाढतात म्हणून लांब कामात दोघे जण साधारण २० ते ३० मिनिटांनी आलटून-पालटून बसतात. विश्रांतीवरचा जोडीदारही सुटलेला शब्द पुरवत असतो. खुणा पाहून त्या आवाजात उतरवणे अनेक ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना जास्त जड जाते, आणि भरभर केलेली बोटलिपी वाचणे त्याहून जड. त्वचेच्या रंगापासून उठून दिसणारे साधे कपडे घालण्याचीही सवय लावून घ्यावी लागते.

गोपनीयता, निःपक्षपात आणि आपल्याला न झेपणारे काम नाकारणे हे आचारसंहितेचे मुख्य विषय. ते पाठ करायला सोपे आहेत. पण डॉक्टर रुग्णाकडे न पाहता दुभाष्याकडेच बघून बोलू लागले तर काय करायचे, हे प्रत्यक्ष कामावरच्या उमेदवारीत कळते. काही ठिकाणी बहिरे दुभाषीही असतात. ज्यांना भाषा उशिरा मिळाली अशा व्यक्तींशी बोलताना ऐकणारा आणि बहिरा दुभाषी जोडीने काम करतात.

शिक्षण महाविद्यालयात गेल्याने दर्जा आणि ओळख मिळाली, पण वर्गातल्या तासांनी बहिऱ्या समाजातला वावर भरून निघत नाही. पदवी आणि स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी यांतले अंतर जाणवते ते यामुळेच. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला नेल्सन मंडेला यांच्या स्मृतिसभेत एक माणूस दुभाषी म्हणून जगभरच्या नेत्यांशेजारी उभा राहून निरर्थक हातवारे करत राहिला. ऐकणाऱ्या गर्दीला काहीच खटकले नाही. दूरचित्रवाणीसमोरच्या बहिऱ्या प्रेक्षकांनी मात्र लगेच ओळखले.