पहिला किलोमीटर फसवतो

आयुष्यातली पहिली शर्यत. छातीवर बिब, म्हणजे धावपटूचा क्रमांक असलेला कागद, लावून गर्दीत उभे असताना मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके पाहा. अजून एक पाऊलही टाकलेलं नसतं, तरी ठोके एरवी नुसतं उभं असताना असतात त्याहून बरेच वाढलेले दिसतील. ही अॅड्रेनलिनची करामत. पुढे काय होणार याचा अंदाज घेऊन मेंदूने शरीराला आधीच कामाला लावलेलं असतं.

मग शर्यत सुटते आणि पाय हलके वाटतात. सरावात जो वेग जड जायचा, तो आज सहज जमतो. नवखे धावपटू फसतात ते इथेच. स्नायूंमध्ये क्रिएटिन फॉस्फेटच्या रूपात थोडी तयार ऊर्जा असते. जीव तोडून धावलं तर ती जेमतेम १० सेकंद पुरते. तिच्या जोडीला ऑक्सिजनची वाट न पाहता साखर फोडण्याचा मार्गही लगेच चालू होतो. हृदय आणि फुप्फुसं मात्र तेवढी चपळ नसतात. धावण्यासाठी लागेल तेवढा ऑक्सिजन स्नायूंपर्यंत पोहोचायला साधारण दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर काम उधारीवर चालतं, आणि उधारीवरचा खर्च जाणवत नाही. वेग आवाक्यातला असेल तर पुढे पुरवठा आणि मागणी जुळतात. नसेल तर ती कधीच जुळत नाहीत. धाप वाढतच जाते आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला, ज्यांना आपण मागे टाकलं होतं तीच माणसं शांतपणे पुढे निघून जातात.

घाई करण्याचं खरं तर कारणही नसतं. बहुतेक शर्यतींत बिबला चिकटवलेली चिप सुरुवातीच्या रेषेवरच्या मॅटवरून जाते, तेव्हा तुमची वैयक्तिक वेळ सुरू होते. बंदूक वाजल्यावर रेषेपर्यंत पोहोचायला पाच मिनिटं लागली, तरी ती तुमच्या खात्यात पडत नाहीत. म्हणून पहिल्या किलोमीटरला शेजारच्याशी एखादं पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच पाहावं. माझ्या मते कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा ही कसोटी बरी.

घड्याळ तर आणखी एका बाबतीत गोंधळात टाकतं. १० किलोमीटरच्या शर्यतीत अंतिम रेषेवर ते बऱ्याचदा १०.१ किंवा त्याहून जास्त दाखवतं आणि आयोजकांनी अंतर चुकवलं अशी कुजबुज सुरू होते. प्रमाणित मार्ग मोजतात तो सायकलने: पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारं जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावून, वळणांवर कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर राखत, शक्य तितक्या जवळच्या वाटेने. वर मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जादा धरतात, म्हणजे १० किलोमीटरला १० मीटर. आपण मात्र गर्दीतून नागमोडी, वळणांवर बाहेरून धावतो. त्यात जीपीएसची चूक मिसळते.

आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर खाण्याची गरज नाही. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोच्या माणसाला १० किलोमीटरसाठी सुमारे ६०० लागतात, आणि स्नायू व यकृतात त्याच्या दुपटीहून अधिक साठा असतो. पाण्याबाबतही तेच, तहान लागेल तेवढं प्यावं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळलं. धावताना वजन वाढलेल्यांमध्ये, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलेल्यांमध्ये, हा धोका जास्त होता.

अंतिम रेषा ओलांडल्यावर एक मोह आवरायचा असतो: तिथेच थबकण्याचा. धावताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू आवळून पायातलं रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की हा पंप बंद पडतो, रक्त पायात साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. काही मिनिटं चालत राहावं.

दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं खापर आजही, साखर फोडताना स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अॅसिडवर फोडलं जातं. १९२२चं नोबेल मिळालेल्या हिल आणि मायरहॉफ यांच्या संशोधनाने लॅक्टिक अॅसिड प्रसिद्ध झालं, पण त्याची बदनामी अकारण आहे. शरीरात ते लॅक्टेटच्या रूपात असतं, आणि लॅक्टेट म्हणजे इंधन. स्नायू ते वापरतात, हृदयही वापरतं, आणि शर्यतीनंतर तासाभरात रक्तातली त्याची पातळी जवळपास पूर्ववत होते. ठणका तर एक-दोन दिवसांनी टिपेला पोहोचतो. तो येतो स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे, आणि या इजा सर्वाधिक होतात ते स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो तेव्हा. म्हणूनच त्या दिवशी जिना चढणं एकवेळ जमतं. उतरताना मात्र मांडीचे स्नायू असेच ताणले जात भार पेलतात, आणि कठडा धरावा लागतो.