फेल्डपोस्ट क्रमांक म्हणजे टपाल सैनिक नव्हे

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘सोल्डबुख’वर (सैनिकाने खिशात बाळगायचं वेतन-ओळखपुस्तक) ‘फेल्डपोस्टनुमर’चा (लष्करी टपाल क्रमांकाचा) शिक्का दिसला की ते लष्करी टपाल खात्यातल्या माणसाचं, असं विक्रेते वर्षानुवर्षं सांगत आलेत आणि त्याच्या जोरावर किंमत चढवतात. हे चूक आहे. १९३९पासून जवळपास प्रत्येक तुकडीला हा पाच आकडी क्रमांक मिळत असे. तुकडीचं नाव आणि ठिकाण लपवणारा तो पत्ता होता. पायदळाकडे तो होता, इस्पितळांकडेही होता.

खरा पुरावा आत असतो. पहिल्या पानावर हुद्दा वाचा: ‘फेल्डपोस्टझेक्रेटेअर’, ‘फेल्डपोस्टइन्स्पेक्टर’ असे हुद्दे टपाल अधिकाऱ्यांचेच. मग चौथ्या पानावरच्या तुकडीच्या नोंदीत ‘फेल्डपोस्टआम्ट’ (लष्करी टपाल कार्यालय) शोधा. फोटोतल्या गणवेशावरच्या, टपाल खात्याच्या पिवळ्या पट्टीवर मात्र विसंबू नका, संदेशवहन दलाचा रंगही लिंबू-पिवळाच होता, आणि कृष्णधवल फोटोत तर रंगच कळत नाही.

अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो युद्धानंतरचा समजा. पण अस्सल पुस्तकात मागाहून घुसडलेली नोंद या दिव्याला सहसा सापडत नाही. तिथे भिंगच हवं: वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या दिसल्या, तर पुस्तक परत करा.