आईची शपथ नको, घडी घातलेला कागद हवा

"तुमच्या मनात तसलं काही येत नाही ना?" हा प्रश्न एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारला आणि रुग्णाची भूमिका करणाऱ्या अनुभवी परिचारिकेने क्षणाचाही विलंब न लावता "नाही, डॉक्टर" असे उत्तर दिले. कोल्हापुरात डॉक्टर आणि परिचारिकांसाठी झालेल्या एका एकदिवसीय प्रशिक्षणातला हा प्रसंग आहे. शिकवणाऱ्यांमध्ये मी होतो. सिस्टरना दिलेल्या चिठ्ठीवर ‘दोन आठवड्यांपासून आत्महत्येचे विचार’ असे स्पष्ट लिहिलेले होते. मग नाही का म्हणालात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांनीच ‘नाही ना’ म्हटल्यावर मी ‘हो’ कसं म्हणू?"

आपल्या भाषेतला हा ‘ना’ फार प्रेमळ आहे, पण या ठिकाणी तो दार लावून घेतो. विचारणाऱ्याला कोणते उत्तर ऐकायचे आहे हे तो आधीच सांगून टाकतो, आणि आधीच संकोचलेला माणूस ते उत्तर देऊन मोकळा होतो. ही अडचण केवळ मराठीची नाही. इंग्लंडमध्ये रोझ मॅककेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मानसोपचारांतील प्रत्यक्ष भेटींची ध्वनिचित्रमुद्रणे तपासली, तेव्हा आत्महत्येविषयीचे सुमारे तीन-चतुर्थांश होय-नाही प्रश्न नकाराकडे झुकलेले आढळले. आम्ही प्रशिक्षणात हा प्रश्न असा घोटून घेतला : "इतका त्रास झाला की कुणालाही जीव नकोसा होतो. तुमच्या मनात आत्महत्येचा विचार आला आहे का?" तो शांतपणे, नजर न चोरता विचारायचा आणि पुढे उत्तरासाठी थांबायचे. वाक्य सोपे आहे, परंतु ते पहिल्या प्रयत्नात नीट म्हणू शकणारे त्या खोलीत फार थोडे निघाले.

असे थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत डॉक्टरांमध्येही आहे. ती तपासून झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातील दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरचा मॅडेलिन गोल्ड यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आत्महत्येविषयी विचारले होते त्यांच्यात ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार. उलट ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांना विचारल्याने काहीसे हलके वाटले.

प्रश्न विचारण्याची जबाबदारी मानसोपचारतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही, याचे कारण साधा हिशेब आहे. भारतात दर लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा येत नाही. प्रसिद्ध अंदाज ०.७५ चा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद असून त्यात सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातील आहेत. चंदगड किंवा राधानगरीच्या वाडीवरचा माणूस तज्ज्ञाकडे पोचेल तेव्हा पोचेल, पण डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते म्हणून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन गेलेला असतो. आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांपैकी साधारण ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात सामान्य डॉक्टरांना भेटून गेले होते, असे परदेशांतील अभ्यासांच्या २००२ मधील आढाव्यात दिसले होते.

यावर आजकाल एक सोपा तोडगा सुचवला जातो : संगणकाला किंवा मोबाइलवरच्या ॲपला विचारा, कोणाला धोका आहे ते आधीच कळेल. या दाव्यांपासून सावध राहावे. जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा धोक्याच्या नेहमीच्या लक्षणांवरून बांधलेले भाकीत नाणेफेकीपेक्षा किंचितच बरे ठरले. म्हणून नव्या प्रशिक्षणांचा भर ‘कमी धोका’, ‘जास्त धोका’ असे शिक्के मारण्यावर नाही. मनात विचार असल्याचे जो सांगतो, अशा प्रत्येकाबरोबर अर्धा-पाऊण तास बसून एक ठरावीक काम पुरे करायचे, यावर आहे.

ते काम म्हणजे सुरक्षा योजना. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती बांधली. एका कागदावर रुग्णाच्याच शब्दांत सहा गोष्टी लिहायच्या असतात : संकट येते आहे हे मला कशावरून कळते, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कुठे किंवा कोणाजवळ गेल्याने मन दुसरीकडे वळते, मदत कोणाकडे मागता येते, कोणते डॉक्टर आणि कोणता दूरध्वनी क्रमांक, आणि घरातील धोकादायक वस्तू दूर कशा ठेवायच्या. आपल्याकडे पाचव्या ओळीत ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक लिहिता येतो, तो रात्रंदिवस चालतो, मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

पहिल्यांदा ऐकल्यावर ही यादी फारच साधी वाटते. आपल्या घरांतून अशा वेळी वेगळेच घडते. आई रडत मुलाचा हात आपल्या डोक्यावर ठेवते आणि "माझी शपथ घे, परत असं करणार नाहीस" म्हणते. त्या मायेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मात्र रुग्णाकडून वचन लिहून घेण्याची पद्धत दवाखान्यांतूनही पूर्वी होती आणि तिने जीव वाचतात असा पुरावा मिळाला नाही. शपथ काय करायचे नाही एवढेच सांगते. त्या घटकेला काय करायचे, यावर ती गप्प असते. शिवाय शपथ मोडण्याची भीती असल्यामुळे विचार परत आले तर मुलगा आईला ते सांगतही नाही.

त्या घटकेला डोक्यात काय चालते, हा या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांना त्यांनी एकेक शब्द दिला आणि त्यावरून आयुष्यातील एखादी ठरावीक आठवण सांगायला सांगितली. ‘आनंद’ म्हटल्यावर इतर लोक ‘बहिणीच्या लग्नात पाऊस आला आणि आम्ही सगळे मांडवाखाली दाटीने उभे राहिलो’ अशा जातीचे काही सांगतात. या लोकांची उत्तरे मात्र उशिरा आणि ‘मित्र असले की बरे वाटायचे’ अशा धाटणीची येत, ज्यात दिवस नसे, जागा नसे, माणसाचे नाव नसे. आता विचार करा, अडचणीतून वाट काढायची तर मागे अशा वेळी आपण काय केले होते, कोण उपयोगी पडले होते, हे नेमके आठवावे लागते. आठवणींचे गाठोडे जागेवर असते, पण त्यातली एकही सुटी वस्तू हाताला लागत नाही, आणि म्हणून वाट नाहीच असे वाटू लागते.

याच्या जोडीला मेंदूतील रसायनांची एक हकीकत आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे अग्रखंड, आणि त्यातील चेतापेशींची जाळी एखादी गोष्ट काही सेकंद मनात धरून तिच्यावर विचार करायला मदत करतात. नॉरअ‍ॅड्रिनलिन हे द्रव्य मध्यम प्रमाणात असते तेव्हा ते अल्फा-२ए नावाच्या ग्राहकांना (पेशीवरच्या, संकेत झेलणाऱ्या जागांना) चिकटते आणि ही जाळी बळकट होतात. तीव्र ताणात ते इतके स्रवते की एरवी सहसा जागे न होणारे अल्फा-१ ग्राहकही कामाला लागतात, पेशींमधील कॅल्शियमचे संकेत वाढतात, काही आयन-वाहिन्या उघडतात आणि पेशींमधला संवाद तेवढ्यापुरता तुटतो. येल विद्यापीठातील एमी आर्नस्टेन यांनी हे उलगडले. त्यांचे काम प्रामुख्याने माकडे आणि उंदीर यांच्यावरचे आहे. रसायने लक्षात राहिली नाहीत तरी हरकत नाही. ताण शिगेला असताना विचार करणारा भागच मंदावतो, एवढे पुरे आहे.

अशा वेळी बाहेर लिहून ठेवलेली नेमकी गोष्ट उपयोगी पडते, कारण ती आठवावी लागत नाही, फक्त वाचावी लागते. आणि ही वेळ बहुधा लांबत नाही. ऑस्ट्रियातील एबरहार्ड डाइझेनहामर यांच्या २००९ मधील अभ्यासात प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांनी सांगितले, की विचार मनात येण्यापासून कृतीपर्यंत दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ गेला. घरातील औषधे कुलपात ठेवून किल्ली शेजारच्या काकींकडे दिली, तर ही दहा मिनिटे पार पडण्याची शक्यता वाढते.

योजना लिहून घेण्याचे खरे कसब यातूनच कळते. दुपारच्या सरावात ‘रुग्ण’ इचलकरंजीतील यंत्रमाग कामगार होता. मन वळवायला काय कराल, असे सिस्टरने विचारले. "मित्रांकडं जाईन," तो म्हणाला, आणि त्यांनी ते लिहायला पेन टेकवले. आम्ही थांबवले. विल्यम्स यांच्या प्रयोगातले उत्तर हेच होते : नाव नाही, जागा नाही, वेळ नाही. सिस्टरने पुन्हा विचारले, "कुठला मित्र, दादा? रात्री अकराला तो कुठं सापडतो?" थोड्या वेळाने उत्तर आले, "बाळू. जेवून तालमीच्या कट्ट्यावर असतोय." ‘बाळू, तालमीचा कट्टा, रात्री साडेनऊ ते बारा’ असे कागदावर उतरले. त्यानंतर "बाळू नसला तर?" हाही प्रश्न आला आणि खाली कागलच्या आक्कांचे नाव व फोन आला. या दोन ओळींना सात-आठ मिनिटे लागली. गर्दीच्या अपघात विभागात तेवढा वेळ काढणे अवघड असते, हे मी जाणतो. तरीही तेथे केलेल्या इतर कोणत्याही कामाइतकेच ते वैद्यकीय काम आहे.

पुरावा किती भक्कम आहे, हेही सांगितले पाहिजे. स्टॅन्ली, ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये माजी सैनिकांच्या नऊ अमेरिकी रुग्णालयांतील १६४० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. योजना आणि नंतरचे दूरध्वनी मिळालेल्या गटात पुढील सहा महिन्यांतील आत्महत्येशी संबंधित वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होते. मात्र हे गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे सारे श्रेय कागदाला देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ मधील प्रयोग त्या दृष्टीने अधिक काटेकोर होता. चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधील कांपिनास, इराणमधील करज आणि चीनमधील युनचेंग येथे आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याशिवाय तासाभराचे समुपदेशन व अठरा महिन्यांत नऊ वेळा विचारपूस मिळाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने २.२ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. विचारपूस डॉक्टर, परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ दूरध्वनीवरून अथवा घरी जाऊन करत.

आपल्याकडे हे नऊ संपर्क दोन ठिकाणी तुटतात. एक म्हणजे पोलिसांची भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे असते, तिला शिक्षा करायची नसते आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर आहे. हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावे लागते. दुसरे म्हणजे देवऋषी. ‘बाहेरची बाधा’ म्हणून रुग्णाला अंगारा लावायला नेले की आठवडे जातात. घरी परतल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक असतात, आणि करणी काढण्याच्या नादात गमावलेले दिवस पुन्हा मिळत नाहीत. कुटुंबाची श्रद्धा असेल तर ज्योतिबाला जाऊन यावे, पण औषध आणि ठरलेला फोन चुकवू नये, असे मी सांगतो.

जागतिक प्रयोगातले ते वेळापत्रक पहिला, दुसरा, चौथा, सातवा आणि अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना असे होते. प्रशिक्षण संपताना सर्वांत अडचणीचा प्रश्न यावरच आला : सातव्या आठवड्याचा फोन कोण करणार? ड्यूट्या बदलतात, माणसे रजेवर जातात. सकाळी ‘नाही, डॉक्टर’ म्हणणाऱ्या सिस्टरनी आपल्या वहीचे पान उघडून पट्टीने नऊ रकाने आखले, प्रत्येकावर आठवडा किंवा महिना लिहिला आणि शेजारी नावाऐवजी ‘त्या दिवशीची सकाळपाळी’ असे लिहिले.