टेनिस एल्बोसाठी हाताने केल्या जाणाऱ्या थेरपी

टेनिस एल्बो म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा लागतो तिथलं दुखणं, साधारण ३५ ते ५५ वयात जास्त दिसतं आणि बऱ्याच जणांनी तर आयुष्यात रॅकेट धरलेली नसते. मनगट वर उचलणाऱ्या ईसीआरबी स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) तिथे चिकटलेला असतो, तो सततच्या ताणाने झिजतो. जुन्या दुखण्यात सूज फारशी नसतेच, म्हणून नुसतं तेल लावून चोळत बसण्यात अर्थ नाही.

जुनी आणि नेमकी पद्धत म्हणजे ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांचं डीप फ्रिक्शन. कोपर काटकोनात, तळहात वर, आणि अंगठा टेंडनवर आडवा, म्हणजे तंतूंच्या दिशेने नाही तर त्यांना छेद देत फिरवायचा. तेल किंवा क्रीम अजिबात नको, कारण बोट कातडीवरून घसरलं की दाब खाली पोचतच नाही, बोट आणि कातडी एकत्र हलली पाहिजे. सुरुवातीला चांगलंच दुखतं, मग जागा बधिर होते, साधारण १० मिनिटं हे चालतं आणि लगेच मिल्स मॅनिप्युलेशन, म्हणजे मनगट वाकवून कोपराला सरळ करणारा एक झटका. कोपर मुळात पूर्ण सरळ होत नसेल तर हा झटका देऊच नये.

मायोफॅशियल रिलीज त्यामानाने सौम्य, त्यात टेंडनपेक्षा कोपर ते मनगट या भागातल्या आखडलेल्या स्नायूंवर सावकाश ताण देतात. ट्रिगर पॉइंटमध्ये एकच गाठ दाबून धरायची, आणि धातूच्या पट्टीने घासायचा प्रकार आहे तो आयएएसटीएम. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची पद्धत खरं तर सांध्याची आहे पण तुलनेत ती येतेच: थेरपिस्ट कोपर बाजूला सरकवून धरतो आणि पेशंट मूठ आवळतो, तीही न दुखता, ग्रिप तिथल्या तिथे सुधारलेली बऱ्याचदा दिसते.

यातली अमुकच भारी असं ठामपणे म्हणता येत नाही. २०१४ च्या कॉक्रेन रिव्ह्यूने (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) डीप फ्रिक्शनसाठी पुरावा अपुराच ठरवला. माझ्या मते या सगळ्यांचा खरा उपयोग दुखणं थोडं उतरवून व्यायाम करता यावा एवढाच, कारण टेंडनची ताकद परत येते ती हळूहळू वजन वाढवत केलेल्या मनगटाच्या व्यायामानेच, आणि तो टाळून फक्त मसाज घेत राहिलं तर दुखणं परत येतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा नुकतंच स्टेरॉइड इंजेक्शन झालं असेल तर डीप फ्रिक्शन नको. दुखणं कोपराच्या त्या उंचवट्यापासून तीन-चार बोटं खाली असेल तर आधी रेडियल नर्व्ह, म्हणजे तिथून हातात जाणारी नस, तपासून घ्या, नस दबलेली असताना तिथे जोर लावला तर त्रास वाढतोच.