केळीच्या पेशीतली टीआरएनएची छाटणी

रावेर-यावलकडे घडाची शेवटची फणी सुटली की खाली लोंबणारं केळफूल कापून टाकतात. त्याच केळीच्या पानात याहून कितीतरी बारीक छाटणी अखंड चालू असते, ती टीआरएनएची. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमपाशी अमिनो आम्लं आणून देणारा हा आरएनएचा रेणू साधारण 76 अक्षरांचा, म्हणजे साखळीतल्या 76 दुव्यांचा. पण जनुकावरून उतरतो तेव्हा त्याला दोन्ही टोकांना जादा शेपट्या असतात, काहींच्या पोटात नको असलेला तुकडाही.

पुढची शेपटी आरएनेज पी हे आरएनए कापणारं विकर उडवतं. जिवाणूंत त्याचं कापायचं काम खुद्द आरएनए करतो; सिडनी आल्टमन यांना 1989 च्या नोबेलचा वाटा मिळाला तो याच शोधाबद्दल. वनस्पतींचं आरएनेज पी मात्र निव्वळ प्रथिनाचं, नाव प्रॉर्प. मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिसमध्ये अशी तीन प्रथिनं आहेत: एक हरितलवकात आणि तंतुकणिकेत, दोन केंद्रकात. केंद्रकातलं एक बंद पडलं तर दुसरं निभावून नेतं. दोन्ही गेली की रोप जगत नाही.

मागची शेपटी आरएनेज झेड कापतं. मग आणखी एक विकर त्या टोकाला सी, सी, ए ही अक्षरं जोडतं. केंद्रकातल्या जनुकात ती लिहिलेली नसतातच, आणि अमिनो आम्ल अडकतं ते नेमकं या शेवटच्या ए ला!

खरी कसरत मधल्या तुकड्याची. टायरोसिन या अमिनो आम्लाच्या टीआरएनएत तो प्रतिकोडॉननंतर (संदेशातला कोड ओळखणाऱ्या तीन अक्षरांनंतर) एक अक्षर सोडून बसलेला असतो, जेमतेम दहा-बारा अक्षरांचा. एक विकर तो दोन्ही बाजूंनी कापतं आणि रेणूचे दोन अर्धे सुटे होतात. ते सांधणारं लायगेज हे विकर गव्हाच्या अंकुराच्या अर्कात आधी नीट अभ्यासलं गेलं. ते एका अर्ध्याच्या टोकावरचं फॉस्फेटचं कडं उघडतं, दुसऱ्याला नवं फॉस्फेट लावतं, मग एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून सांधा जुळवतं. सांध्यावर एक फॉस्फेट जास्तीचं उरतं. ते वेगळं विकर एनएडी या पेशीतल्या छोट्या रेणूवर चढवून काढून टाकतं.

केळीच्या पानातून टीआरएनए काढायचा तर चीक आडवा येतो. कपड्यावरचा केळीचा डाग निघत नाही, त्यामागची फिनॉलं इथेही अर्क काळा करतात आणि आरएनएला चिकटून बसतात. म्हणून पान द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, कुटायचं आणि 65 अंशांच्या सीटॅब या पेशी फोडणाऱ्या साबणासारख्या द्रावणात, फिनॉलं धरून ठेवणारं 2 टक्के पीव्हीपी व अर्क काळा पडू न देणारं थोडं मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं. हातमोजे हवेतच, बोटांवरची आरएनेजं आरएनए फस्त करतात. सगळ्यात जास्त फसगत होते ती शेवटी. नेहमीच्या सवयीने लिथियम क्लोराइड घातलं की मोठे आरएनए तळाशी बसतात आणि टीआरएनए वरच्या पाण्यात राहतो. ते पाणी ओतून दिलं की हवं तेच मोरीत गेलं. इथे साका बसवायला इथेनॉलच वापरावं.