डोळा तिथेच, चित्र सरकतं

तिरळेपणाचं ऑपरेशन झालं, आरशात डोळे सरळ दिसू लागले आणि समोरच्या एका दिव्याचे मात्र दोन झाले! मोठ्या वयात ऑपरेशन केलेल्या काहींना हा अनुभव येतो. ऑपरेशन बिघडलं, असं लगेच समजू नये. तिरळ्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू वर्षानुवर्षं दाबून टाकत आलेला असतो. डोळा सरळ केल्यावर ते चित्र दृष्टिपटलावर नव्या जागी पडतं, आणि तिथलं चित्र दाबायची मेंदूला सवय नसते. बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. डोळा बाहेर वळत असेल तर काही सर्जन मुद्दामच थोडी जास्त दुरुस्ती करतात, कारण तो पुन्हा बाहेर सरकण्याची शक्यता असते.

तोवर, किंवा दोन डोळ्यांच्या दिशेत फरक उरलाच तर, चष्म्यात प्रिझम देतात. शाळेत पाहिलेला लोलकच तो. प्रकाश त्याच्या जाड बाजूकडे वळतो, म्हणून वस्तू निमुळत्या बाजूकडे सरकलेली दिसते. डोळा नाकाकडे वळला असेल तर जाड बाजू कानाकडे ठेवतात, बाहेर वळला असेल तर नाकाकडे. प्रिझम डोळा सरळ करत नाही, फक्त चित्र योग्य जागी पाडतं. हे रुग्णाला आधीच सांगायला हवं, नाहीतर नवा चष्मा घालून तो आरशात डोळा सरळ झाला का ते बघत बसतो.

प्रिझमची ताकद प्रिझम डायॉप्टरमध्ये मोजतात. हे एकक चार्ल्स प्रेंटिस यांनी 1890 मध्ये सुचवलं. 1 मीटर अंतरावर किरण 1 सेंटिमीटर सरकला, की 1 डायॉप्टर. म्हणजे 10 डायॉप्टरचा फरक असेल, तर 6 मीटरवरच्या दिव्याची दोन चित्रं एकमेकांपासून 60 सेंटिमीटर लांब दिसतात. जिना उतरताना काय होत असेल, कल्पना करा!

एवढं प्रिझम काचेतच घासून घ्यायचं तर कड जाड आणि चष्मा जड होतो. शिवाय ऑपरेशननंतर डोळ्याची स्थिती बदलत असते, आज केलेली काच महिन्याभरात निरुपयोगी ठरू शकते. म्हणून आधी फ्रेनेल प्रिझम वापरतात. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी जाड भिंगाचे टप्पे पाडून ते पातळ केलं होतं, तीच युक्ती इथे आहे. सुमारे 1 मिलिमीटर जाडीच्या लवचिक प्लास्टिकवर बारीक प्रिझमांच्या ओळी असतात. कात्रीने मापात कापून, पाण्याखाली धरून ते काचेच्या आतल्या बाजूला चिकटवतात. फरक कमी झाला की काढून कमी ताकदीचं लावायचं. नजर थोडी धूसर होते आणि रेघा दिसतात, पण तात्पुरत्या कामाला हे चालून जातं. स्थिती स्थिरावली आणि फरक थोडाच उरला, तर कायमची काच करतात.

सगळ्यांनाच याचा उपयोग होतो असं नाही. समोर एक आणि बाजूला बघताना वेगळाच फरक असेल, तर एक प्रिझम सगळीकडे पुरत नाही. एक चित्र दुसऱ्याच्या तुलनेत फिरलेलं, कललेलं दिसत असेल, तर प्रिझम ते सरळ करू शकत नाही. तेव्हा एका काचेवर धूसर पट्टी लावून ते चित्र झाकतात, किंवा पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो.