बोन इव्हेर : स्थापना आणि पहिला अल्बम

बोन इव्हेर हा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ओ क्लेअर शहरातला इंडी (मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र) संगीतसमूह. सहसा आधी बँड जमतो, मग अल्बम निघतो. इथे नेमके उलटे घडले. ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ (२००७) हा अल्बम गायक जस्टिन व्हर्नन (जन्म १९८१) याने जवळजवळ एकट्याने ध्वनिमुद्रित केला. ती गाणी लोकांपुढे वाजवायची वेळ आली, तेव्हा बँड उभा राहिला.

व्हर्ननचा आधीचा बँड डीयारमंड एडिसन. त्यातले चौघे मित्र २००५ साली नॉर्थ कॅरोलायनातील रॉली येथे राहायला गेले आणि २००६ मध्ये बँड फुटला. बाकीच्या तिघांनी मेगाफॉन हा नवा बँड काढला. त्याच सुमारास व्हर्ननचे प्रेमसंबंध तुटले आणि मोनोन्यूक्लिओसिस या थकवा आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराने त्याला अंथरुणाला खिळवले. आजारपणात तो अलास्कातल्या एका गावावरची ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ ही मालिका पाहत असे. तिच्यात पहिला बर्फ पडताच गावकरी एकमेकांना फ्रेंचमध्ये ‘बाँ इव्हेर’, म्हणजे ‘हिवाळा सुखाचा जावो’, असे म्हणतात. बँडचे नाव तिथून आले. फ्रेंच स्पेलिंगमधला (hiver) अनुच्चारित ‘एच’ व्हर्ननने गाळला. (हा ‘इव्हेर’ आणि आपला ‘हिवाळा’ इंडो-युरोपीय मुळाने एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत.)

२००६ च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिनला परतला आणि डन काउंटीतील वडिलांच्या, शिकारीसाठी बांधलेल्या लाकडी घरात सुमारे तीन महिने राहिला. अल्बम करायचे मनात नव्हते. लाकडे फोडायची, हरणाची शिकार करायची, आणि उरलेल्या वेळात गाणे. साधने मोजकीच : जुनी सिल्व्हरटोन गिटार, संगणक आणि शुअर एसएम ५७ हा कुठल्याही रंगमंचावर दिसणारा साधा मायक्रोफोन.

या अल्बमची खरी कमाई आवाजाच्या वापरात आहे. व्हर्नन आधी खर्जात गाई. इथे त्याने फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या पट्टीपलीकडे नेलेला पातळ आवाज, लावला आणि तो पुन्हा पुन्हा मुद्रित करून थरावर थर चढवले. एकाच गळ्याचा समूहस्वर तयार झाला. चाल आधी, शब्द नंतर : अर्थहीन अक्षरांवर चाल गायची, मग ती ऐकत त्या ध्वनींतून शब्द शोधायचे. म्हणूनच इथले शब्द अर्थाआधी नादाने पोचतात. ‘एकट्याने केलेला अल्बम’ ही ख्याती मात्र थोडी सैल धरावी. ‘फॉर एमा’ या गाण्यातील ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन इतरांनी वाजवले आहेत.

ही मुद्रणे कच्ची आहेत, असेच व्हर्नन समजत होता. मित्रांच्या आग्रहावरून २००७ मध्ये त्याने सुमारे ५०० प्रती स्वतः काढल्या. फेब्रुवारी २००८ मध्ये जॅगजॅग्वार या कंपनीने तोच नऊ गाण्यांचा अल्बम पुन्हा प्रकाशित केला. युरोपात तो फोर एडी या ब्रिटिश कंपनीने आणला.

दरम्यान तालवादक शॉन केरी सगळी गाणी घरी बसवून व्हर्ननकडे आला आणि त्याच्याबरोबर वाजवू लागला. व्हर्ननकडे गिटार शिकलेला माइक नॉइसही सामील झाला. एका गळ्याचे थर आता तीन-चार गळ्यांत वाटले गेले.